गोव्याहून आंबोलीला जाताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिला मृगाचा पाऊस पडला की म्हापसा, डिचोली, फोंड्याकडची मंडळी आंबोलीची चौकशी सुरू करतात. रस्ता कसा आहे, पाणी आलं का, मुलांना नेलं तर चालेल का, राहायला जागा मिळेल का. त्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. एक गोष्ट आधीच सांगते: आंबोलीला धबधब्याखाली भिजून दुपारी परत यायचं, एवढाच बेत असेल तर तिथलं फार थोडं हाती लागतं. एक रात्र तिथे काढायची तयारी असेल तर पुढचं सगळं उपयोगी पडेल.

आंबोली नेमकी कुठे, आणि गोव्याहून पोचायला किती वेळ लागतो?

सिंधुदुर्ग जिल्ह्यात, सावंतवाडी तालुक्यात, सह्याद्रीच्या अगदी कड्यावर. समुद्रसपाटीपासून उंची साधारण ६९० मीटर. पणजीहून अंतर नव्वद किलोमीटरच्या आसपास, त्यामुळे पावसाळ्यात अडीच ते तीन तास धरून चला. नेहमीची वाट पेडणे, पत्रादेवी, बांदा, इन्सुली, सावंतवाडी, दाणोली आणि मग घाट अशी. सावंतवाडी शहरात शिरायचं नसेल तर बांद्याहून थेट दाणोलीला जाणारा रस्ता आहे. डिचोलीकरांना दोडामार्गमार्गे बांदा गाठणं सोयीचं पडतं. दोडामार्गाहून तिलारी घाट चढूनही वर जाता येतं, पण तो घाट अतिशय उभा आहे. वळणं ओळखीची नसतील तर पावसात त्या वाटेला जाऊ नका.

दाणोलीला साटम महाराजांचं समाधिस्थान आहे. पुष्कळ लोक तिथे दर्शन घेऊन, चहा पिऊन घाट चढायला लागतात. मुलांना गाडी लागत असेल तर हा थांबा चांगला.

गोव्यातही घाट आणि धबधबे आहेत. मग आंबोलीच का?

आहेत, आणि सुंदर आहेत. चोर्ल्याचा घाट, सत्तरीतले झरे, अनमोडची वाट यांचं मोल कुठेच कमी नाही. पण गोव्याला घाटमाथ्याची जी पट्टी आली आहे ती बहुतेक अभयारण्यात आहे, आणि पावसाळ्यात अपघात वाढले की वनखातं तिथल्या धबधब्यांवर जायला बंदीही घालतं. घाटमाथ्यावर वसलेलं गाव, राहायची-जेवायची सोय आणि चहूबाजूंनी जंगल, हे सगळं एका जागी हवं असेल तर उत्तर गोव्याला सर्वांत जवळचं ठिकाण आंबोलीच.

शिवाय जुनं नातंही आहे. पेडणे, डिचोली, सत्तरी हा मुलूख १७८० च्या दशकात पोर्तुगिजांकडे गेला, त्याआधी तो सावंतवाडीकर भोसल्यांच्या सत्तेखाली होता. आजही पेडण्यातल्या कित्येक घरांचे सोयरे बांदा-सावंतवाडीत सापडतील.

कोणत्या महिन्यात जावं?

काय बघायचंय त्यावर ठरतं. जून म्हणजे बेडकांचा महिना. जुलै-ऑगस्टमध्ये धबधबे भरून वाहतात, पण तेव्हा ढग इतके खाली उतरतात की समोरची दरी दिवसभर दिसेलच असं नाही. सप्टेंबर माझ्या आवडीचा: पाऊस अधूनमधून उघडीप देतो, सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, रानफुलं येतात आणि चवथ (गणेशचतुर्थी) झाल्यावर गर्दीही ओसरते. डिसेंबर-जानेवारीत आभाळ स्वच्छ, रात्री बोचरी थंडी आणि पक्षी भरपूर. पक्षीनिरीक्षण करणाऱ्यांनी तेव्हाच जावं. एप्रिल-मेमध्ये खाली गोव्यात घामाच्या धारा लागलेल्या असतात तेव्हा इथे संध्याकाळी वारा सुटतो, आणि करवंदं-जांभळं असतात. मात्र मे महिन्यात धबधबा दाखवतो असं मुलांना सांगून नेऊ नका, तिथे तेव्हा कोरडा कातळ असतो.

तिथे इतका पाऊस का पडतो?

पणजीला वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस होतो. आंबोलीला ७००० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे दुपटीहून जास्त. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पाने भरलेले वारे किनारपट्टी ओलांडून सरळ सह्याद्रीच्या भिंतीवर आदळतात. वर चढताना ती हवा थंड होते आणि बाष्पाचं पाणी होऊन तिथेच कोसळतं. आंबोली बरोबर त्या भिंतीच्या माथ्यावर आहे. पूर्वेला आजऱ्याकडे थोडं पुढे गेलात की पाऊस कमी होत जाताना डोळ्यांना दिसतो.

इथे पडलेल्या पाण्याच्या वाटाही दोन. घाटातून पश्चिमेला कोसळणारं पाणी तेरेखोल नदीच्या खोऱ्यात उतरतं, म्हणजे शेवटी आपल्याच पेडण्याच्या सीमेवर येतं. माथ्यावर उगम पावणारी हिरण्यकेशी मात्र पूर्वेकडे वळते. आजरा, गडहिंग्लज करत ती कर्नाटकात घटप्रभेला मिळते, घटप्रभा कृष्णेला, आणि ते पाणी बंगालच्या उपसागरात जातं. घाटात उभं राहून हे मुलांना सांगा, भूगोलाचा धडा कायमचा लक्षात राहील.

सकाळी जाऊन संध्याकाळी परत येणं जमेल का?

जमतं, बहुतेक लोक तेच करतात. पण रात्र न काढता परतलात तर आंबोलीचा अर्धा भाग बघायचा राहतो. दिवसाची आंबोली धबधबे आणि कणसांच्या गाड्यांची. रात्रीची आंबोली बेडकांची. एका दिवसातच उरकायचं असेल तर पहाटे निघा, आधी कावळेसादचा कडा आणि हिरण्यकेशीचा उगम बघून घ्या आणि घाटातला मोठा धबधबा परतताना ठेवा.

गर्दी टाळायची कशी?

जुलै-ऑगस्टमधले शनिवार, रविवार आणि १५ ऑगस्ट सोडून द्या. त्या दिवशी गोवा, कोल्हापूर, बेळगाव तिन्हीकडून गाड्या येतात आणि घाटात तासन्‌तास अडकून पडावं लागतं. मंगळवार-बुधवारी गेलात तर तोच घाट तुमचा एकट्याचा वाटेल.

घाटातल्या मुख्य धबधब्याखाली भिजता येतं का?

येतं. रस्त्याला लागूनच आहे, वर जायला पायऱ्या आहेत. दगडावर शेवाळ असतं, त्यामुळे गुळगुळीत तळाच्या चपला घालून चढू नका. वर पावसाचा जोर वाढला की पाण्याचा लोट क्षणात मोठा होतो आणि त्याबरोबर दगडही येतात. पाणी एकाएकी गढूळ झालं तर लगेच बाहेर या. दोन मिनिटं थांबून बघू, असं करू नका. गाडी वळणावर लावायची नाही, मागून एसटी येत असते.

कावळेसादचा उलटा धबधबा खरंच उलटा असतो का?

हो. गेळे गावाच्या हद्दीत, आंबोलीपासून सुमारे दहा किलोमीटरवर हा कडा आहे. सड्यावरचे पाण्याचे ओहोळ कड्यापर्यंत येतात, खाली झेपावतात, आणि दरीतून वर येणारा वारा त्यांना तिथल्या तिथे उचलून माघारी फेकतो. कठड्याला धरून उभे राहिलात तर पाऊस खालून तोंडावर येतो: हनुवटीवर, नाकपुडीत, टोपीच्या आतून. वारा पडला की पाणी मुकाट खाली जातं, पुन्हा जोर धरला की परत वर. म्हणून तिथे पाच मिनिटांत फोटो काढून निघू नका, अर्धा तास थांबा. धुकं दाट असेल तर काहीच दिसत नाही, नुसता आवाज येतो. पण वाऱ्याच्या एका झोताने पडदा बाजूला होतो आणि अख्खी दरी समोर येते.

छत्री न्यायची नाही, मोडतेच. रेनकोट घाला, मोबाईल पिशवीत ठेवा. आणि कठड्याच्या पलीकडे एक पाऊलही टाकायचं नाही. सेल्फीच्या नादात, दारूच्या नशेत इथून माणसं दरीत गेली आहेत आणि त्यांना वर काढायला आंबोलीचीच मुलं दोरावरून खाली उतरली आहेत. तुमच्या गटातलं कोणी कठडा ओलांडत असेल तर भिडस्तपणा सोडून त्याला हाताला धरून मागे ओढा.

हिरण्यकेशीला काय आहे?

गावापासून पाचेक किलोमीटरवर, झाडीत, गुहेतून नदी बाहेर येते. तिथेच महादेवाचं मंदिर आहे. पार्वतीचं नाव हिरण्यकेशी, तेच नदीला मिळालं. गाडी थोडी अलीकडे लावून चालत जायचं. गुहेतून येणारं पाणी कुंडात जमतं आणि पुढे वाहतं. पावसाळ्यातही ते इतकं नितळ असतं की तळातला खडा न्‌ खडा मोजता यावा.

त्या कुंडातले छोटे सोनेरी झाक असलेले मासे शांतपणे बघा. इथल्या माशाची एक नवी जात २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी नोंदवली, तिला 'शिस्टुरा हिरण्यकेशी' असं नाव दिलं, आणि पुढच्याच वर्षी महाराष्ट्र सरकारने हे स्थान जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर केलं. एका बोटाएवढ्या माशासाठी एक देवस्थान राखलं गेलं, याचा मला मनापासून आनंद आहे. गावाने आधीपासून पाणी स्वच्छ ठेवलं होतं म्हणून तो मासा टिकला. तेव्हा कुंडात साबण लावून आंघोळ नको, कपडे नकोत, माशांना बिस्किटं-चुरमुरेही नकोत. प्रसाद म्हणूनसुद्धा टाकू नका.

नांगरतास, महादेवगड, सनसेट पॉइंट: सगळंच बघायला हवं का?

नाही. नांगरतास बघाच: आजऱ्याच्या रस्त्यावर दहा किलोमीटरवर आहे, अरुंद खोल घळीत पाणी कोसळतं आणि त्याचा आवाज पायाखालच्या दगडातून जाणवतो. फक्त वरून बघायचं, उतरायचं नाही. महादेवगडावर किल्ल्याचे अवशेष फारसे उरलेले नाहीत, पण दरीचं दृश्य मोठं आहे. हवा मोकळी असेल तरच जा. सनसेट पॉइंट पावसाळ्यात सोडून द्या, सूर्यच नसतो. वेळ उरला तर चौकुळला जा. घाटमाथ्यावरचं हे विस्तीर्ण गाव, हिरवी कुरणं आणि दूरदूर विखुरलेली घरं. तिथे बघायचं 'ठिकाण' असं काही नाही, नुसतं चालायचं. लोकांच्या शेतांतून, कुंपणांतून शिरू नका म्हणजे झालं.

रात्री बेडूक बघायला जातात म्हणे. त्यात बघण्यासारखं काय?

मला सर्वांत आवडता प्रश्न हा. आंबोलीच्या जंगलात आणि जांभ्याच्या सड्यांवर असे उभयचर आहेत जे जगात दुसरीकडे कुठे मिळत नाहीत. त्यांतला एक आंबोली टोड, अंगावर वाघासारखे पट्टे असलेला छोटासा भेक. त्याची शास्त्रीय ओळख 'झँथोफ्रायनी टायग्रीना' या नावाने २००९ साली झाली, आणि अतिसंकटग्रस्त जातींमध्ये त्याची गणना होते. पहिल्या पावसात हे टोड सड्यावरच्या उथळ डबक्यांपाशी जमतात. रस्त्यावरही येतात आणि चाकाखाली सापडतात. म्हणून जूनमध्ये रात्री आंबोलीत गाडी चालवू नका, चालवावीच लागली तर अगदी हळू.

दुसरा मलबारी उडता बेडूक. हिरवागार, पायांच्या बोटांमध्ये तांबूस-नारिंगी पडदे. झाडावरून उडी मारताना ते पडदे पसरून तो तरंगत खाली येतो. त्याची मादी पाण्यावर झुकलेल्या फांदीला पांढऱ्या फेसाचं घरटं करते आणि त्यात अंडी घालते. विजेरीच्या उजेडात नीट बघितलंत तर पानं त्या फेसाने एकमेकांना चिकटलेली दिसतात, बाहेरचा थर थोडा सुकलेला, आत ओलसर हालचाल. दिवस भरले की फेस विरघळतो आणि पिल्लं थेंबांबरोबर थेट खालच्या पाण्यात टपटप पडतात. कोणाच्या नशिबी तो क्षण आला तर तो आयुष्यभर विसरणार नाही.

पावसाळ्यात कुजक्या लाकडावर उजेड देणारी बुरशीही असते. ती बघायला विजेरी पूर्ण बंद करून अंधाराला डोळे सरावू द्यावे लागतात. मुलांना आधी सांगून ठेवा, नाहीतर घाबरतात.

हे एकट्याने करायचं काम नाही. गावात जाणकार तरुण वाटाडे आहेत, त्यांना कुठल्या व्हाळावर (ओढ्यावर) कोण बसलाय ते ठाऊक असतं. मुक्कामाच्या ठिकाणी आदल्या दिवशी विचारून ठेवा आणि त्यांची फी घासाघीस न करता द्या. ती कमाई आहे म्हणूनच गावातल्या पोराला जिवंत बेडकाचं मोल वाटतं. बेडूक हातात घ्यायचा नाही, फोटोसाठी फांदी हलवायची नाही, डोळ्यांवर फ्लॅश मारत राहायचा नाही.

जळवा आणि साप यांचं काय?

जळवा आहेत, चिकटतात. पॅन्टचे पाय मोज्यांत खोचा, मोज्यांना मीठ किंवा तंबाखूचं पाणी लावा. चिकटलीच तर ओढून काढू नका. मीठ टाकलं की सुटते. रक्त थोडा वेळ वाहत राहतं, घाबरण्यासारखं काही नाही.

साप आहेत आणि ते असायलाच हवेत. चापडा हा विषारी साप झुडपांत, कमरेच्या उंचीवर निश्चल बसलेला असतो, म्हणून अंधारात फांद्यांना हात लावत चालायचं नाही. पायात बूट, हातात विजेरी, वाटाड्याच्या मागोमाग. दंश झालाच तर कापाकापी, दोरी बांधणं काही नको. हात-पाय न हलवता तडक सरकारी रुग्णालय गाठायचं.

तिथे वाघ आहे का?

या पट्ट्यातून वाघाची ये-जा आहे. आंबोली-दोडामार्गचं जंगल संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून घोषित झालंय, कारण राधानगरीकडून गोव्याच्या म्हादई अभयारण्याकडे आणि पुढे कर्नाटकात उतरणारी प्राण्यांची वाट याच डोंगरांतून जाते. तुम्हाला तो दिसण्याचा संभव जवळपास नाही. पण आपण गोंयकारांनी हे लक्षात ठेवायला हवं की ही वाट आपल्याच सत्तरीत येते, आणि जानेवारी २०२० मध्ये सत्तरीतल्या गोळावलीला एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विष घालून मारले गेले. आंबोलीचं जंगल राखलं आणि खालचं राखलं नाही, तर उपयोग नाही.

स्वतःची गाडी नसेल तर?

कदंबच्या आणि महाराष्ट्र एसटीच्या गाड्या पणजी-म्हापशाहून सावंतवाडीला जातात. तिथून आजरा-कोल्हापूरकडे जाणारी एसटी आंबोलीवरून जाते. दक्षिण गोव्यातून येणाऱ्यांनी मडगावहून रेल्वेने सावंतवाडी रोड स्थानक गाठावं. आंबोलीत उतरल्याबरोबर परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ विचारून घ्या. गावातली ठिकाणं एकमेकांपासून लांब आहेत, तेव्हा रिक्षा ठरवावी लागेल.

घाटात गाडी चालवताना काय सांभाळावं?

धुक्यात दिवे खालच्या झोतावर ठेवा. वरचा झोत धुक्यावर आदळून आपल्याच डोळ्यांत येतो. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. उतरताना गिअर खालचा ठेवा, ब्रेकवर पाय दाबून बसू नका. सलग दोन-तीन दिवस झोडपून पाऊस झाला असेल तर निघण्याआधी दरड कोसळल्याची बातमी नाही ना, ते बघा. पेट्रोल गोव्यातच भरा, स्वस्त पडतं आणि वर शोधावं लागत नाही.

जेवणाखाण्याचं काय?

कांदाभजी, चहा, भाजलेलं कणीस सगळीकडे. जेवणात कोंबडी-वडे मागा. मासे खालून येतात, ते आपण घरी खातोच. आजरा जवळ आहे, त्यामुळे घनसाळ तांदूळ मिळाला तर जरूर घ्या: बारीक दाणा, शिजताना घरभर वास. या तांदळाला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे.

राहायला कशी जागा बघावी?

गावातल्या कुटुंबांनी चालवलेली घरगुती निवासं घ्या, जेवण चांगलं मिळतं आणि पैसे गावात राहतात. विचारायचे प्रश्न तीनच: गरम पाणी आहे का, वीज गेल्यावर इन्व्हर्टर आहे का, अंथरूण कोरडं असतं का. जुलैमध्ये तिसरा सर्वांत महत्त्वाचा. कपड्यांचा एक जोड जास्त आणि रोख पैसे जवळ ठेवा, कारण रेंज गेली की मोबाईलवरून पैसे देता येत नाहीत.

आई-वडिलांना, लहान मुलांना न्यावं का?

न्या. हिरण्यकेशीला थोडं चालावं लागतं, ते सावकाश जमतं. कावळेसादला वाऱ्याने तोल जातो, तेव्हा वृद्धांना मधोमध धरून न्या. स्वच्छतागृहांची सोय ठिकाणांवर अपुरी आहे. बायकांची आणि वयस्कर माणसांची यात फार अडचण होते, म्हणून मुक्कामाच्या जागेवरून निघतानाच सोय बघून घ्यावी.

गोव्यातून दारू नेली तर चालते का?

नाही. गोव्याची दारू महाराष्ट्रात नेणं बेकायदा आहे आणि इन्सुलीला महाराष्ट्राच्या उत्पादन शुल्क खात्याचा तपासणी नाका आहे. गाड्या उघडून बघतात. कायद्याचं एक झालं. दुसरं म्हणजे फुटलेल्या बाटल्यांच्या काचा सड्यावर गुरांच्या खुरांत जातात आणि त्याच डबक्यांत टोड अंडी घालतो. रिकाम्या पाण्याच्या बाटल्या, चिप्सची पाकिटंसुद्धा गाडीतच ठेवून घरी आणा.

परतताना वाटेत काय बघावं?

सावंतवाडीला दोन तास द्या. मोती तलाव, समोर राजवाडा, आणि राजवाड्यात लाखेच्या कामाचे गंजिफा, म्हणजे जुन्या धाटणीचे पत्ते, रंगवणारे कारागीर. दशावतारी गंजिफाचा डाव १२० पानांचा, प्रत्येक पान गोल आणि हाताने रंगवलेलं. बाजारात चितार आळीला लाकडी खेळणी आणि लाकडी फळं मिळतात. केळी-आंबे दुरून खरे वाटतात. मुलांसाठी घ्यायचं तर रंग घासून बघा, दुकानदार रागावत नाही. राजवाडा बघायचा असेल तर वेळ आधी विचारून मगच आंबोलीहून निघा, दुपारी मध्येच बंद असण्याची शक्यता धरा.